कॉलेजात शिकवायला कसं शिकायचं: पुण्यातल्या पीएचडीच्या विद्यार्थ्यांसाठी आणि नव्या प्राध्यापकांसाठी

सत्र सुरू होताना पुण्यातल्या कितीतरी कॉलेजांमध्ये एमए, एमएस्सी, एमकॉम नुकतंच झालेल्या मुलामुलींच्या हातात टाइमटेबल पडतं आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी साडेसातला ऐंशी-शंभर जणांच्या वर्गासमोर उभं राहायचं असतं. शाळेत शिकवायचं तर बीएड लागतं. कॉलेजात तसं काही लागत नाही. विषय येतो म्हणजे शिकवताही येईल असं सगळ्यांनी धरून चाललेलं असतं, आणि त्याचा भुर्दंड पहिल्या दोन-तीन बॅचच्या मुलांना बसतो. हे टाळता येतं. पोहणं किंवा तबला शिकावा तसं शिकवणंही सरावाने, कुणाला तरी दाखवून, चूक दुरुस्त करून पुन्हा करून बघून शिकता येतं.

पुढच्या पायऱ्या ज्या क्रमाने गरजेच्या पडतात त्याच क्रमाने दिल्या आहेत. घाईत असाल तर निदान ३, ४ आणि ७ या पायऱ्या पहिल्या तासाआधी वाचा.

१. आपण कोणत्या दाराने आत येतोय ते आधी पाहा

पुण्यात नवा शिक्षक साधारण तीन वाटांनी वर्गात येतो: पीएचडी करता करता, सीएचबीवर म्हणजे तासिका तत्त्वावर (घेतलेल्या तासांपुरत्या मानधनावर), किंवा पूर्णवेळ सहायक प्राध्यापक म्हणून. तिघांची तयारी वेगळी असते.

पीएचडी करत असाल तर विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०२२ चे पीएचडी नियम वाचा. कोणत्याही विषयाच्या संशोधक विद्यार्थ्याने आपल्या विषयाशी संबंधित अध्यापन, शिक्षणशास्त्र किंवा लेखनाचं प्रशिक्षण संशोधनाच्या काळातच घ्यायचं आहे, असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. शिवाय ट्यूटोरियल, प्रॅक्टिकल आणि मूल्यमापनासाठी आठवड्याला ४ ते ६ तासांचं काम देता येतं. याकडे बोजा म्हणून पाहू नका. मार्गदर्शक पाठीशी असताना चुका करून शिकायची अशी संधी नोकरी लागल्यावर मिळत नाही. मार्गदर्शकांनी स्वतःहून सांगितलं नाही तर तुम्ही विचारा: "सर, या सत्रात एसवायची ट्यूटोरियल्स मी घेऊ का? तुम्ही दोनदा येऊन बघाल का?" या विनंतीतला दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे.

पूर्णवेळ नोकरीसाठी पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के आणि नेट (राष्ट्रीय पात्रता परीक्षा) किंवा सेट (राज्याची पात्रता परीक्षा) हवी. १ जुलै २०२३ पासून सहायक प्राध्यापकाच्या थेट भरतीसाठी नेट/सेट ही किमान अट झाली आहे. आपल्याकडची सेट सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं आणि ती महाराष्ट्र व गोव्यापुरती चालते. दुसऱ्या राज्यात अर्ज करायचा असेल तर नेट लागेल. दोन्हींच्या पहिल्या पेपरात 'अध्यापन अभियोग्यता' हा घटक असतो. तो पाठ करून गुण मिळतात, पण त्याने फळ्यासमोर उभं राहता येत नाही. गुण मिळवणं आणि शिकवता येणं यांची गल्लत करू नका.

सीएचबीवर असाल तर अडचण वेगळीच. दोन-तीन कॉलेजांत तास, मध्ये पीएमपीचा प्रवास, आणि प्रत्येक ठिकाणी वेगळा पेपर. शक्य असेल तर एकच पेपर दोन्हीकडे मागून घ्या. पहिल्या वर्षी चार नवे पेपर घेणारा माणूस एकही नीट शिकवू शकत नाही. कितीही हुशार असला तरी तयारीला रात्री पुरत नाहीत.

२. कागदपत्रांची फाईल

हे काम एका दुपारी उरकून टाका. मूळ प्रती एका फाईलमध्ये, साक्षांकित प्रतींचे दोन संच दुसरीकडे, आणि स्कॅन केलेल्या पीडीएफ मोबाइलमध्ये ठेवा.

- दहावीपासून पदव्युत्तरपर्यंतची गुणपत्रकं आणि पदवी प्रमाणपत्रं
- नेट/सेट प्रमाणपत्र. पीएचडी चालू असेल तर नोंदणीचं पत्र
- जात प्रमाणपत्र, जात वैधता, लागू असल्यास नॉन-क्रिमिलेयर
- आधार, पॅन, बँक पासबुकाचं पहिलं पान
- नाव बदललं असेल तर राजपत्र किंवा विवाह प्रमाणपत्र
- नेमणुकीची पत्रं आणि अनुभवाचे दाखले

घोळ होतो तो शेवटच्या ओळीत. सीएचबीचा अनुभव पुढे मोजला जावा म्हणून नेमणूक पत्र, विद्यापीठाची मान्यता आणि घेतलेल्या तासांचा तपशील या तिन्ही गोष्टी लागू शकतात. त्या वर्ष संपायच्या आत घ्या. चार वर्षांनी प्राचार्य बदललेले असतात, कार्यालयातले क्लार्क बदललेले असतात, आणि जुनं मस्टर शोधून देणारं कुणी भेटत नाही.

३. अभ्यासक्रम हातात घ्या आणि दिवस मोजा

विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून अभ्यासक्रम उतरवून घ्या, पण वरचं 'पॅटर्न'चं वर्ष, म्हणजे तो अभ्यासक्रम लागू झाला ते वर्ष, आधी तपासा. एकाच कॉलेजात एफवाय आणि टीवाय वेगवेगळ्या पॅटर्नवर असू शकतात, आणि स्वायत्त कॉलेजाचा अभ्यासक्रम विद्यापीठाच्या अभ्यासक्रमाहून वेगळा असतो. पॅटर्न चुकीचा धरून महिनाभर शिकवलं जाणं ही नव्या माणसाच्या बाबतीत खरोखर होणारी चूक आहे.

आता श्रेयांकांचा (क्रेडिटचा) हिशेब. लेखी विषयाचा १ श्रेयांक म्हणजे १५ तास, प्रॅक्टिकलचा १ श्रेयांक म्हणजे ३० तास. २ श्रेयांकांचा पेपर म्हणजे ३० तास. कॉलेजाचा तास ५० मिनिटांचा असेल तर त्या ३० तासांचे ३६ तास होतात. विभागप्रमुखांना विचारून नेमके किती तास धरायचे ते लिहून घ्या.

मग कॅलेंडर उघडा आणि बुडणारे दिवस आधीच खोडा. पालखी पुण्यात असते तेव्हा रस्ते बंद असतात. गणपतीचे दहा दिवस वर्ग निम्मे भरतात. पहिल्या सत्रात पुरुषोत्तम एकांकिका स्पर्धेच्या तालमी असतात, दुसऱ्यात फिरोदिया करंडकाच्या. नाटकात असलेली मुलं अर्ध्या तासात निघून जातात. त्यांच्यावर चिडून उपयोग नाही, त्या आठवड्यात नवा अवघड घटक सुरू करू नका एवढंच आपल्या हातात असतं. अंतर्गत परीक्षा, दिवाळी, निवडणुकीच्या कामासाठी शिक्षकांना बोलावणं हेही त्यात आलं. ३० तासांच्या पेपरात पाठ्यभाग २४ तासांत बसवा. ३ तास अंतर्गत परीक्षा आणि त्यांच्या उत्तरांच्या चर्चेला, ३ तास बुडीत खात्याला. असं केलं नाही तर शेवटचा घटक दोन तासांत 'उरकला' जातो, आणि तो नेमका अवघड घटक असतो.

आणखी एक काम करा. अप्पा बळवंत चौकात जाऊन आपल्या पेपरचं मुलं वापरतात ते गाईड विकत घ्या. तुम्ही संदर्भग्रंथ कितीही सांगा, वर्गातली बरीचशी मुलं परीक्षेच्या आदल्या रात्री तेच वाचणार आहेत. त्यात काय चुकीचं छापलंय, कोणती व्याख्या अर्धवट आहे हे तुम्हाला माहीत असेल तर वर्गात ते थेट दुरुस्त करता येतं.

४. एक तास बांधणं

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. नवा शिक्षक 'आज काय शिकवू' असा विचार करतो. विचार असा हवा: तास संपल्यावर मुलांना काय *करता* यायला हवं? "लवचिकता समजेल" हे उद्दिष्ट तपासता येत नाही. "दिलेल्या आकड्यांवरून मागणीची लवचिकता काढता येईल आणि भाव वाढवल्यावर विक्रेत्याचा गल्ला वाढेल की घटेल हे सांगता येईल" हे तपासता येतं. उद्दिष्टात काढणे, तुलना करणे, वर्गीकरण करणे, चूक शोधणे अशी क्रियापदं वापरा.

हाच विषय धरून ५० मिनिटं कशी बांधायची ते पाहू. वर्ग एफवायबीकॉम, मुलं नव्वद.

*पहिली ५ मिनिटं:* मागच्या तासातला एक प्रश्न फळ्यावर, उत्तर वहीत. हजेरी याच वेळात उरकते.

*५ ते १२:* व्याख्या सांगू नका. फळ्यावर लिहा: वडापावची गाडी, भाव २० रुपये, रोज १०० वडापाव जातात. भाव २५ केला, आता ९० जातात. प्रश्न: गल्ला वाढला की घटला? आधी हात वर करायला लावा, गणित नंतर. बरीच मुलं "गिऱ्हाईक कमी झालं म्हणजे घटला" म्हणतील.

*१२ ते २२:* आता मुलांकडूनच हिशेब करून घ्या. २,००० चे २,२५० झाले. भाव २५ टक्के वाढला, मागणी १० टक्के घटली. १० भागिले २५, म्हणजे लवचिकता ०.४. या ठिकाणी एक चूक हमखास येते: काही जण ५ भागिले २५ करून भाववाढ २० टक्के काढतात. ती चूक पुसून टाकू नका. फळ्यावर दोन्ही लिहा आणि विचारा, टक्के कशावर काढायचे, जुन्या भावावर की नव्या? या एका प्रश्नातून पुढच्या तासाची मध्यबिंदू पद्धत आपोआप उभी राहते.

*२२ ते ३२:* शेजारी दुसरी गाडी आहे असं समजा. भाव तेवढाच वाढला, पण विक्री १०० वरून ४० वर आली. बाकावरच्या जोडीने हिशेब करायचा. गल्ला १,०००, लवचिकता २.४. वडापाव तोच, मग आकडा का बदलला? उत्तर मुलांकडून येऊ द्या: बाजूलाच पर्याय आहे. "गरजेची वस्तू नेहमीच अलवचिक" हे गाईडमधलं वाक्य इथे तुटतं.

*३२ ते ४२:* आता व्याख्या, सूत्र, ऋण चिन्ह का गाळतात ते, आणि इंग्रजी संज्ञा. एवढ्या वेळात मुलांकडे दोन उदाहरणं झालेली असतात, त्यामुळे व्याख्या डोक्यावरून जात नाही.

*४२ ते ४८:* मागच्या प्रश्नपत्रिकेतलं एक गणित वहीत सोडवायला द्या आणि तुम्ही बाकांमधून फिरा. टेबलापाशी उभे राहू नका.

*शेवटची २ मिनिटं:* कागदाच्या कपट्यावर एक ओळ: "आज काय कळलं नाही?" नाव नको. संध्याकाळी हे कपटे वाचायला दहा मिनिटं लागतात आणि उद्याची सुरुवात कुठून करायची ते कळतं.

हात वर करून घेतलेल्या प्रश्नासाठी हार्वर्डमधले भौतिकशास्त्रज्ञ एरिक माझूर यांच्या पद्धतीतला एक नियम फार कामाचा आहे. बरोबर उत्तरं ३० ते ७० टक्के असतील तर मुलांना शेजाऱ्याशी दोन मिनिटं वाद घालू द्या आणि पुन्हा हात मोजा. ३० पेक्षा कमी असतील तर चर्चेला पायाच नाही, पुन्हा समजावून सांगा. ७० च्या वर असतील तर थोडक्यात सांगून पुढे जा.

नव्यांची नेहमीची चूक म्हणजे एका तासात तीन तासांचा मजकूर भरणं. अर्ध्या पानाच्या टिपणावर ५० मिनिटं जातात. आठ पानांची टिपणं घेऊन गेलात तर तुम्ही वाचून दाखवाल आणि मुलं उतरवून घेतील.

५. फळा, आवाज आणि गप्प राहणं

फळ्याचे तीन भाग करा. डावीकडे आजचे मुद्दे, ते तासभर पुसायचे नाहीत. मधला भाग कामाचा, लिहायचं-पुसायचं. उजवीकडे नव्या संज्ञा. पहिल्या तासाच्या आधी रिकाम्या वर्गात जाऊन एक ओळ लिहा आणि शेवटच्या बाकावर बसून स्वतः वाचा. पीपीटी असेल तर २४ च्या खालचा टाइप वापरू नका. वीज जाते, प्रोजेक्टरची केबल मिळत नाही, म्हणून पीपीटीशिवाय घेता येईल असाच तास तयार ठेवा.

फळ्याकडे तोंड करून बोलू नका. लिहा, वळा, मग बोला.

प्रश्न विचारल्यावर थांबा. अमेरिकेतल्या मेरी बड रो यांनी वर्गांतली संभाषणं तपासली तेव्हा शिक्षक प्रश्नानंतर जेमतेम सेकंदभर थांबतात असं दिसलं. तो वेळ तीन सेकंदांपर्यंत नेला की उत्तरं लांबतात आणि एरवी गप्प असणारी मुलंही बोलू लागतात. तीन सेकंद वर्गात फार मोठे वाटतात, म्हणून मनात अंक मोजा. "समजलं का?" हा प्रश्न सोडून द्या. त्याला "हो सर" याशिवाय उत्तर येत नाही. त्याऐवजी विचारा, "भाव कमी केला असता तर या गाडीचं काय झालं असतं?"

६. मराठी की इंग्रजी

पुण्याच्या कॉलेजात एकाच बाकावर कॅम्पातल्या इंग्रजी शाळेतला मुलगा आणि जुन्नर, इंदापूर किंवा मराठवाड्यातून आलेली, बारावीपर्यंत मराठीत शिकलेली मुलगी बसलेली असते. विज्ञान शाखेत पुस्तक इंग्रजी, बोलणं मिश्र. यावर सोपा उपाय नाही, पण काही गोष्टींनी खरा फरक पडतो.

कल्पना आधी मराठीत सांगा, मग इंग्रजी संज्ञा स्पेलिंगसह फळ्याच्या उजव्या भागात लिहा आणि सगळ्या वर्गाकडून एकदा मोठ्याने म्हणवून घ्या. शब्द तोंडात बसला नाही की मूल प्रश्न विचारत नाही, कारण चुकीचा उच्चार होईल आणि मागचे हसतील ही भीती असते. मराठी प्रतिशब्दांसाठी भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश आहेत, ते हाताशी ठेवा. मात्र कोशातला जड शब्द वर्गावर लादू नका. मुलं 'रिॲक्शन' म्हणत असतील तर 'अभिक्रिया' एकदा सांगा आणि पुढे जा. कला आणि वाणिज्यच्या अनेक विषयांत उत्तरपत्रिका मराठीत लिहिता येते. तिथे मात्र मराठी संज्ञा पक्क्या करून घ्याव्या लागतात.

मुलांची परिस्थितीही माहीत असू द्या. कुणी कमवा व शिका योजनेत काम करतं, कुणी रात्रपाळी करून साडेसातच्या तासाला येतं. मागे डुलकी घेणाऱ्या मुलाला सगळ्यांसमोर उभं करण्याआधी तास संपल्यावर बाहेर दोन शब्द बोला.

७. सूक्ष्म अध्यापन: ३६ मिनिटांचं चक्र

ही पद्धत १९६३ च्या सुमारास अमेरिकेत स्टॅनफर्डला सुरू झाली आणि आपल्याकडे बीएडच्या वर्गांत रुजली. कॉलेजचे शिक्षक ती शाळेची म्हणून बाजूला ठेवतात, पण नव्या शिक्षकाला इतक्या लवकर फायदा देणारं दुसरं काही नाही. लागतं काय? पाच-सहा जण, एक रिकामा वर्ग, खडू, घड्याळ आणि एक मोबाइल.

- ६ मिनिटं शिकवा
- ६ मिनिटं अभिप्राय
- १२ मिनिटं पाठ पुन्हा बांधा
- ६ मिनिटं तोच भाग पुन्हा शिकवा
- ६ मिनिटं पुन्हा अभिप्राय

एका चक्रात एकच कौशल्य घ्या: विषयाची सुरुवात, उदाहरण देणं, खोलात नेणारे प्रश्न विचारणं, फळ्याचा वापर किंवा समारोप. निरीक्षकांनी फक्त तेवढंच पाहायचं. प्रश्न विचारण्याचं कौशल्य असेल तर मोजायचं: किती प्रश्न, त्यातले "हो-नाही"चे किती, प्रत्येक प्रश्नानंतर किती सेकंद थांबले, उत्तर स्वतःच दिलं असं किती वेळा.

हे फसतं ते ठरावीक तीन कारणांनी. एक, अभिप्राय म्हणजे "छान झालं" एवढंच. दोन, सगळे एकाच विषयाचे असतील तर सहा मिनिटांचा अभिप्राय विषयावरच्या वादात जातो, म्हणून गटात निदान दोघे दुसऱ्या विषयाचे ठेवा. त्यांना कळलं नाही हीच तुमची मोजपट्टी. तीन, आणि हे सगळ्यात जास्त घडतं: वेळ नाही म्हणून दुसऱ्यांदा शिकवणं गाळतात. सुधारणा त्या दुसऱ्या सहा मिनिटांतच होते. ती गाळायची असतील तर पहिलीही करू नका.

मोबाइलवर केलेलं चित्रण त्याच दिवशी, एकट्याने बघा. पहिल्यांदा आवाज बंद करून: आपण कुठे उभे आहोत, कुणाकडे बघतोय, हात काय करतायत. नंतर आवाजासह.

८. दुसऱ्यांच्या वर्गात बसा

आदल्या दिवशी परवानगी घ्या, वेळेआधी पोहोचा, मागे बसा, मध्येच उठू नका. वहीत वेळेचे रकाने आखा आणि दर २ मिनिटांनी एक खूण करा: शिक्षक बोलतायत, मुलं बोलतायत, लिहितायत, की कुणीच काही करत नाही. तासाअखेरी ही पट्टी पाहिली की कुठे वर्ग सुटला आणि कुठे परत आला ते दिसतं. नंतर एकच प्रश्न विचारा: "सर, विसाव्या मिनिटाला तुम्ही उदाहरण बदललंत, ते का?" अनुभवी माणसाला आपण काय करतो ते सहज सांगता येत नाही, पण नेमका क्षण दाखवला की ते भरभरून बोलतात.

सत्रात निदान चार तास असे पाहा. त्यातला एक आपल्या विषयाच्या बाहेरचा असू द्या. भाषेच्या शिक्षकाचा कवितेचा तास गणिताच्या माणसाने जरूर पाहावा.

९. प्रॅक्टिकल आणि ट्यूटोरियल

पीएचडीच्या विद्यार्थ्याची सुरुवात बहुधा इथून होते. प्रयोग दोन दिवस आधी त्याच बाटल्या, त्याच उपकरणांनी स्वतः करून बघा. जुनं द्रावण, सैल ब्युरेटचा नळ, चुकीचं लेबल हे सगळं तेव्हाच सापडतं.

पंधरा-वीस मुलांच्या बॅचला पहिली दहा मिनिटं फक्त दोन गोष्टी दाखवा: आज चुकणार कुठे, आणि धोका कुठे. अनुमापनात (टायट्रेशनमध्ये) डोळा द्रावणाच्या पातळीला समांतर हवा, वाचन वक्राच्या तळाशी घ्यायचं. आम्ल सौम्य करताना आम्ल पाण्यात ओतायचं, पाणी आम्लात कधीच नाही. ही गोष्ट प्रत्येक बॅचला, प्रत्येक वेळी सांगा.

निष्कर्ष चुकीचा आला की मुलं शेजारच्याचा आकडा जर्नलमध्ये उतरवतात. ते थांबवायचं असेल तर गुण आकड्याला देऊ नका. चुकलेला आकडा जसाच्या तसा लिहून 'का चुकला असेल' हे दोन ओळींत मांडणाऱ्याला पूर्ण गुण मिळतात, हे पहिल्याच दिवशी सांगा आणि पाळा.

१०. पेपर काढणं आणि तपासणं

विद्यापीठाच्या पद्धतीत साधारण ३० टक्के अंतर्गत आणि ७० टक्के सत्रान्त गुण असतात. पेपर काढण्याआधी एक तक्ता करा: उभे घटक, आडवे प्रश्नांचे प्रकार. ३५ गुणांच्या पेपरात साधारण १० गुण आठवणीचे, १५ समज आणि वापराचे, १० विचार करायला लावणारे असू द्या. 'कोणतेही तीन सोडवा' देताना पाचही पर्याय सारख्याच अवघडपणाचे हवेत. एक सोपा टाकलात तर सगळे तोच घेतात आणि तक्ता वाया जातो. पेपर काढून झाल्यावर घड्याळ लावून स्वतः सोडवा. तुम्हाला लागलेल्या वेळाच्या तिप्पट वेळ मुलांना लागतो असं धरून चाला.

तपासताना आधी दहा उत्तरपत्रिका गुण न देता वाचा. उत्तरसूचीत नसलेलं पण बरोबर असलेलं उत्तर तेव्हाच सापडतं. मग सगळ्या गठ्ठ्यातला पहिला प्रश्न, मग सगळ्यांचा दुसरा. एक पूर्ण उत्तरपत्रिका, मग दुसरी, असं केलं तर पहिल्या प्रश्नाची छाप पुढच्या उत्तरांवर पडते. कॅपला, म्हणजे विद्यापीठाच्या एकत्रित पेपर तपासणीला, गेलात तर तिथला वेग पाहून घाबरू नका. पहिल्या दिवशी कमी गठ्ठे घ्या आणि बेरीज दोनदा करा. बेरजेची चूक फेरतपासणीत तुमच्याच नावावर येते.

अंतर्गत परीक्षेचे पेपर आठ दिवसांत परत द्या. महिन्याने दिलेले पेपर मुलं फक्त गुण बघून दप्तरात टाकतात.

११. पाचव्या आठवड्यात मुलांना विचारा

सत्राच्या शेवटी कॉलेज जो अभिप्राय घेतं तो त्या मुलांच्या काही कामाचा नसतो. पाचव्या आठवड्यात दहा मिनिटं काढा. कागदावर तीन प्रश्न, नाव नको: कशाने शिकायला मदत होते? कशाने अडतं? एक गोष्ट बदलायची तर कोणती? पुढच्या तासाला त्यातल्या दोन गोष्टी बदलतोय आणि एक बदलता येणार नाही, का ते, हे वर्गाला सांगा. विचारून काहीच केलं नाही तर न विचारलेलं बरं.

१२. औपचारिक प्रशिक्षण आणि प्रमाणपत्रं

१९८७ पासून ज्यांना ॲकॅडमिक स्टाफ कॉलेज म्हणत, त्यांची पुढे मनुष्यबळ विकास केंद्रं झाली आणि २०२३ मध्ये नाव बदलून मालवीय मिशन शिक्षक प्रशिक्षण केंद्रं. नव्या प्राध्यापकांसाठीचा 'गुरुदक्षता' हा सुमारे महिन्याभराचा प्रवेशोत्तर कार्यक्रम आणि दोन आठवड्यांचे उजळणी वर्ग तिथे होतात. सूचना केंद्राच्या पोर्टलवर येतात. जागा लवकर भरतात, म्हणून सत्राच्या सुरुवातीलाच पाहून ठेवा. अर्जासोबत नेमणूक पत्र आणि प्राचार्यांचं ना हरकत पत्र लागतं. सीएचबी आणि कंत्राटी शिक्षकांसाठीची अट प्रत्येक सूचनेत वाचा.

पदोन्नतीच्या दृष्टीने लक्षात ठेवा: विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार वेतनाच्या लेव्हल १० वरून ११ वर जाताना पीएचडी असल्यास ४, एमफिल असल्यास ५, एरवी ६ वर्षांची सेवा, २१ दिवसांचा एक ओरिएंटेशन कोर्स, आणि त्याशिवाय उजळणी वर्ग, 'स्वयम्' या सरकारी पोर्टलवरचा प्रमाणपत्रासह ऑनलाइन कोर्स अशा पर्यायांपैकी एक लागतो. सापळा इथेच आहे. पाच दिवसांच्या, पैसे भरून घरबसल्या मिळणाऱ्या एफडीपींची (शिक्षक विकास कार्यक्रमांची) दहा प्रमाणपत्रं जमवली तरी ती २१ दिवसांच्या कोर्सची जागा घेत नाहीत. पैसे भरण्याआधी कोर्स कोण घेतंय, किती दिवसांचा आहे आणि पदोन्नतीला धरतात का, हे कॉलेजच्या आयक्यूएसी (अंतर्गत गुणवत्ता हमी कक्ष) समन्वयकांना विचारा.

१३. विभागप्रमुखांसाठी: आठ आठवड्यांची आखणी

नवी माणसं आपापली शिकतील असं म्हणून सोडून देऊ नका. आठवड्याला दोन तास आणि सहा ते आठ जणांचा गट एवढ्यावर हे बसतं. खर्च खडूचा.

- पहिला आठवडा: अभ्यासक्रम, पॅटर्न, कॅलेंडर. प्रत्येकाने आपल्या पेपरचं नियोजन भिंतीवर लावायचं.
- दुसरा: उद्दिष्टं लिहिणं आणि एक ५० मिनिटांचा तास कागदावर बांधणं.
- तिसरा, चौथा: सूक्ष्म अध्यापन. दोन तासांत तीन चक्रं होतात, म्हणजे दोन आठवड्यांत सहा जण. आठ जण असतील तर उरलेल्या दोघांसाठी सव्वा तास जास्त ठेवा.
- पाचवा: अनुभवी शिक्षकांचे तास पाहणं, दर २ मिनिटांच्या पट्टीसह.
- सहावा: खऱ्या वर्गावर एक तास, ज्येष्ठ शिक्षक मागे बसलेले. अभिप्राय त्याच दिवशी, बंद खोलीत, मुलांसमोर कधीच नाही.
- सातवा: पेपर काढणं. एकाच उत्तरपत्रिकेची झेरॉक्स सगळ्यांना द्या आणि गुण फळ्यावर लिहा. दहापैकी कुणी चार दिलेले असतील, कुणी आठ. उत्तरसूची किती बारकाईने लिहावी लागते हे इथे सगळ्यांना दिसतं.
- आठवा: त्याच माणसाचा दुसरा तास पाहणं आणि सहाव्या आठवड्याच्या नोंदींशी ताडून बघणं.

निरीक्षणाच्या नोंदी ज्याच्या त्याला द्या. त्या गोपनीय अहवालात किंवा नेमणूक पुढे चालू ठेवायच्या निर्णयात वापरू नका, आणि तसं पहिल्याच दिवशी लेखी सांगा. सीएचबीवरच्या माणसाची नोकरी दर वर्षी नव्याने ठरते. आपली चूक नोंदवली जातेय आणि ती पुढे वापरली जाईल अशी शंका आली, तर तो निरीक्षणाच्या दिवशी आधी बसवलेला तास करून दाखवेल, आणि खरी अडचण कुणालाच दिसणार नाही.